न कोसळलेली दरड

या, जवळ सरकून बसा. दाराशी उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाही. ज्याच्यावर ती ओढवली त्यानेही ती खालच्या आवाजातच सांगितली. गोष्टीत फार कुणी नाही. एक भाऊ आहे, त्याची थोरली बहीण आहे, तिची जिवाभावाची मैत्रीण आहे, आणि एका जुन्या गाडीच्या पोटाखालून जाणारी करंगळीएवढी लोखंडी नळी आहे. नळी गंजली, एवढंच घडलं. आता नळी गंजली म्हणून धडधाकट माणसाला चारचौघांत मान वर करता येऊ नये, हे कसं, ते ऐका.

भावाला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती तो आयुष्यात एकदाच खेळला होता, तीही लहानपणी, बहिणीशी, आणि हरला होता. पण त्याचा उभा जन्म लाकडांनी भरलेले ट्रक डोंगरातून खाली आणण्यात गेला. त्या काळच्या ट्रकांना वळवायला ना पंप होता ना तेल. चालकाचे दंड हाच पंप. वळण आलं की सीटवरून अर्धं उठायचं, स्टिअरिंगच्या चाकावर ओणवं व्हायचं आणि सगळं अंग त्यात घालायचं. ट्रक गेले, नोकरी संपली, केस पिकले, दंड मात्र राहिले. घरी कुणी चहाला आलं की पैलवानाची बाही वर जायची.

"आमच्या वेळी हे पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नव्हतं. पॉवर होती ती इथे."

"झाका आता," बायको कपबशा मांडत म्हणायची. "सर्दी होईल पॉवरला."

घरात एक जुनी फोर बाय फोर गाडी होती. चौकोनी, खडबडीत, दारं आपटल्याशिवाय न लागणारी. घरातले तिला म्हातारी म्हणत. ह्या म्हातारीचं खरं काम एकच उरलं होतं. दर आठवड्याला डोंगराच्या धारेवर जायचं आणि अक्काला खाली आणायचं.

अक्का म्हणजे ती थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच भावाला कडेवर घेऊन वाढवलं, आणि त्याला नातवंडं झाली तरी हाक बदलली नाही. सगळ्या गावाचा पैलवान अक्काचा 'बाळ'च होता. ती धारेवरच्या घरात एकटी राहायची. तिथून खाली येणारी वाट म्हणजे दगडमातीचा अरुंद रस्ता, आणि त्यावर अशी वळणं की पुढचं चाक कड्याला घासून जातंय असं वाटावं. पलीकडच्या अंगाने दुसरा रस्ता होता, पण तो लांबच्या शहराला जायचा. त्या बाजूने टपालाची गाडी येऊन तिचं किराणा सामान टाकून जायची, इतकंच.

अक्का खाली यायची ती मैत्रिणीसाठी. मैत्रीण कपडे शिवायची, म्हणून तिला सगळे शिवणवाली म्हणत. बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती; फोन तिच्याकडे नव्हता. खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून कापडाचे तागे, आणि खालून येणारा पावाचा वास. दोघी मुली होत्या तेव्हापासून प्रार्थनेच्या दालनात एकत्र गायच्या. अक्काचा सूर वरचा, शिवणवालीचा खालचा. एक ओळ हिने उचलायची, पुढची तिने झेलायची, आणि शेवटाला दोघींनी मिळून देवाच्या पायाशी ठेवायची. दालनात गाणं थांबलं, गुडघे दुखायला लागले, तरी आठवड्यातून एकदा त्या खिडकीशी बसून गात. खाली बेकरीवाली गिऱ्हाइकांना सांगायची, "जरा हळू बोला, वर चाललंय."

आणि मग म्हातारीचं स्टिअरिंग जड व्हायला लागलं.

पहिल्यांदा पुलापाशी. मग बाजारात गाडी लावताना. दुसरा कुणी असता तर बॉनेट उघडून बघितलं असतं. पैलवानाने आपल्या हातांकडे बघितलं. मनगटं बारीक वाटली. बाहीत दंड सैल वाटला. ज्याने आयुष्यभर सांगितलं की गाडी दंडांनी वळते, त्याची गाडी वळेना, तर तो दुसरं काय समजणार? आणि हे त्याने कुणाला कळू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल, गाडी काही बोलली नाही का? बोलत होती की. चाक फिरवलं की बॉनेटखालचा स्टिअरिंगचा पंप असा कण्हायचा की स्वयंपाकघरात बायकोला ऐकू यायचं. पण पैलवानाला कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि हे घरात बोलायची सोय नव्हती. एकदा लेकीने नुसतं म्हटलं होतं, "बाबा, रेडिओ आम्हालाही ऐकू येतो, शेजाऱ्यांनाही येतो," तर हा माणूस दोन वेळचं जेवण भिंतीकडे तोंड करून जेवला होता. तेव्हापासून आवाजाचा विषय सगळ्यांनी मिटवून टाकला. गाडी कण्हते हे ह्यांना कळत असेलच, मी कशाला सांगू, असं बायकोला वाटलं.

गाडीखाली तेलाचे थेंब पडायचे. तेही त्याने पाहिले. त्यावर लाकडाचा भुसा टाकला आणि म्हणाला, "म्हातारीला घाम येतोय." झालं, विषय संपला.

एक दिवस अक्काला वर सोडायला जाताना दुसऱ्या वळणावर चाक अर्ध्यातच अडलं. त्याने जोर लावला, दात आवळले, उठून ओणवा झाला. चाक हललं नाही. गाडी मागे घ्यावी लागली, आणि मागचं चाक कड्याच्या काठाला गेलं. खडे खाली घरंगळले. शेजारच्या सीटवर अक्का डोळे मिटून गुणगुणत होती. तिला काही कळलं नाही. कसंबसं वळण पार झालं. तिला घरी पोचवून तो परत गाडीत बसला आणि चाकावर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला. ह्या हातांच्या भरवशावर मी अक्काला घेऊन येतो, त्याच्या मनात आलं. पण पुढचं वाक्य, की हे कुणाला तरी सांगायला हवं, ते काही मनात आलं नाही. तिथे दंड आडवे आले.

पुढच्या आठवड्यात ठरल्या दिवशी फोन वाजला.

"निघालास का रे बाळ? मी केव्हाची बूट घालून बसलेय."

"अक्का," तो म्हणाला, आणि जीभ आपोआप वळली. "रस्त्यावर दरड आलीय. दुसऱ्या वळणापाशी."

"अगं बाई. कुणाला लागलं का?"

"नाही, नाही. कुणाला नाही."

"मग उचलणार कोण ती?"

"माणसं लागलीत कामाला."

"एवढ्या थंडीत?"

"हो."

"देव त्यांचं भलं करो," अक्का म्हणाली. "त्यांना म्हणावं, घाई करू नका. हातपाय सांभाळा."

फोन ठेवून तो वळला तर बायको दारात. "अक्का येत नाही," तो म्हणाला. "पडसं झालंय तिला." असं एका श्वासात एकीला दरड आणि दुसरीला पडसं सांगून पैलवान मोकळा झाला. मोकळा कसला, त्या दिवसापासून तो फोनला टरकायला लागला.

कारण आठवडे जात राहिले. थाप एकदा मारून संपत नाही, तिला रोज खायला घालावं लागतं. अक्का विचारायची, "आज किती उचलली रे?" हा सांगायचा, "मोठा दगड आहे मध्ये." ती विचारायची, "दुपारी काही गरम मिळतं का त्यांना?" हा म्हणायचा, "मिळत असेल." शेवटी अक्का म्हणाली, "मी रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी हात जोडते. आपल्यासाठी एवढे खपताहेत बिचारे." त्या रात्री पैलवानाने भरलं ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने विचारलं तर म्हणाला, मीठ जास्त झालंय.

अशात शिवणवाली आजारी पडली. आधी मशीन थांबलं, मग ती अंथरुणातून उठेनाशी झाली. बेकरीवालीने निरोप पाठवला: ती सारखी तुमच्या अक्कांची आठवण काढते. पैलवानाला भेटायला जाणं भाग होतं. तो गेला, टोपी हातात घेऊन पलंगापाशी उभा राहिला.

"ती कुठाय?" शिवणवालीने विचारलं.

"पडसं झालंय तिला."

"पडसं?" शिवणवाली उशीवरच हसली. "अरे, ती तापाने फणफणत गायला आलेली बाई आहे. पडशाने घरात बसेल होय?" मग ती खिडकीकडे बघायला लागली. "रागावली असेल माझ्यावर. मागच्या खेपेला मी तिला म्हटलं, तुझा आवाज चिरकायला लागलाय. गमतीत म्हटलं रे. पण तिला लागलं असेल."

"नाही, तसं नाही काही," पैलवान म्हणाला.

"मग कसं आहे?"

इथे त्याला खरं बोलता आलं असतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तो बोलला असता तर तिने चार शिव्या हासडल्या असत्या आणि हसली असती. पण "बरी झाली की येईल," तो पुटपुटला आणि जिना उतरला. खाली बेकरीवालीने गरम पाव पुढे केला, तो त्याला घेववला नाही. आणि अक्काला त्याने फोनवर काय सांगितलं? "थोडा खोकला आहे तिला."

आता लेकीकडे येऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचं गॅरेज होतं. हाताची नखं कायम काळी, बोलणं सरळ, बापासारखीच हट्टी. एका सुट्टीच्या सकाळी तिला सरपणाची ट्रॉली ओढायला म्हातारी हवी होती. तिने गाडी सुरू केली, चाक फिरवलं आणि लगेच बंद केली. मग खाली पुठ्ठा टाकून गाडीखाली शिरली. पैलवान ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याला तिचे बूट तेवढे दिसत होते.

"बाबा, हा भुसा कुणी टाकला?"

"मी. का?"

"इकडे या जरा."

तो वाकला. तिने टॉर्च मारला. पंपाकडून स्टिअरिंगच्या पेटीकडे जाणारी लोखंडी नळी गाडीच्या सांगाड्याला जिथे क्लिपने धरलेली होती, तिथे वर्षानुवर्षांचा चिखल साचून कायम ओल राहिली होती. लेकीने चिखल नखाने उकरला. खालची नळी लाल, फुगलेली, पापुद्रे सुटलेली. तिने फडक्याने पुसली. पुसल्याबरोबर तिथे पुन्हा तेलाचा थेंब उगवला.

"सगळं तेल इथून जातंय. पंप कोरडा कण्हतोय, चाक वळणार कसं? ह्या अवस्थेत चालवलीत तुम्ही ही, वरच्या रस्त्यावर?"

"थोडी जड वाटत होती," पैलवान म्हणाला.

"थोडी," लेक म्हणाली.

ती कामाला लागली. गाडीचं पुढचं अंग जॅकने उचलून लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर, ठेवलं. गंजलेल्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारलं आणि मुरू दिलं. साधा पाना लावला असता तर नटाचे कोपरे झिजून गोल झाले असते, म्हणून नटाला जवळजवळ सगळीकडून कवेत घेणारा, नळीपुरती फट ठेवलेला पाना तिने काढला. पंपाकडचा नट सुटला. पेटीकडचा हटून बसला.

"बाबा, पैलवान आहात ना? या."

तो पाठीवर झोपला, पाना धरला, आणि एका हिसक्यात नट कर्रकन सुटला. "वा," लेक म्हणाली. "दंड अजून आहेत की."

ती सहज बोलून गेली. पण पाठीवर झोपलेल्या पैलवानाच्या छातीवर जणू गाडीच ठेवली कुणी. दंड आहेत. म्हणजे मग?

लेक जुनी नळी घेऊन नळ्या बनवणाऱ्याकडे गेली, तशीच नवी करून आणायला. आणि ती परत येईपर्यंत पैलवान उघड्या गाडीसमोर बसून राहिला. आता बघा माणसाचं मन कसं असतं. तो देवाजवळ काही मागत होता, आणि काय मागत होता? की नवी नळी बसवल्यावरही चाक जडच निघू दे. माझे हातच गेलेले असू देत. म्हाताऱ्या माणसाने हात गेले म्हणून लपवाछपवी केली, त्याला निदान काही म्हणता येईल. पण हात शाबूत असताना, एका नळीपायी, एका तासाच्या कामापायी... हे वाक्य त्याने मनातसुद्धा पुरं केलं नाही. त्या वेळात उठून फोनपाशी जाता आलं असतं. तो उठला नाही.

दुपारी लेक आली. नवी नळी काळी, चकचकीत. तिने नट आधी नुसत्या बोटांनी फिरवले, आटे नीट बसले की नाही ते बघायला. मग पाना लावला. क्लिपच्या खाली तिने रबराचा तुकडा घातला, पुन्हा ओल धरू नये म्हणून. नवं तेल ओतलं.

"आता नळीत हवा असेल, ती काढायची. इंजिन बंदच ठेवा. तुम्ही आत बसा, चाक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा. मी तेल बघते."

पुढची चाकं हवेत होती. तो फिरवत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. लेक तेलाच्या डब्यात डोकावून बघायची, बुडबुडे येताहेत का. आले, कमी झाले, थांबले. तिने गाडी घोड्यांवरून उतरवली.

"करा सुरू. आता वळवा."

त्याने इंजिन सुरू केलं. चाकावर दोन्ही हात ठेवले, सवयीने दात आवळले, आणि सीटवरून अर्धा उठला.

"बाबा, बसा की. एका बोटाने करून बघा."

त्याने एक बोट चाकाच्या आऱ्यात घातलं. म्हातारीची पुढची दोन्ही चाकं लोण्यात सुरी फिरावी तशी वळली.

"झालं बघा," लेक हात पुसत म्हणाली. बायको ओट्यावर आली होती, तिने तिथूनच आवाज दिला, "चला, बरं झालं. अक्कांचं पडसंही एव्हाना गेलं असेल. आणा आता त्यांना."

पैलवान चाकावरचं बोट काढेना. इंजिन चालू, दार उघडं, आणि हा समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला.

"काय झालं?" लेक जवळ आली. "कधीपासून जड होतं हे?"

"बरेच दिवस."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं माझे हात गेले."

लेकीला हसू फुटलं. "तुमचे हात? अहो बाबा..." आणि मग ते तिच्या ओठांवरच विझलं. "म्हणून आत्याला आणायला गेला नाहीत?"

त्याने मान डोलावली.

"आणि तिचं पडसं?"

"तिला पडसं नाही. तिला सांगितलंय दरड आलीय म्हणून."

"कुठे आलीय दरड?" बायकोने विचारलं.

"कुठेच नाही."

बायको ओट्याची पायरी उतरली, गाडीपाशी आली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मी सकाळी शिवणवालीला बघून आले," ती म्हणाली. "कालपासून तिचं बोलणं बंद झालंय. तुम्ही गाडीत होतात म्हणून म्हटलं, काम होऊ दे, मग सांगते." तिने पदराने डोळे टिपले. "जा आता. असे बसून काय राहिलात?"

"मी चालवू का?" लेकीने विचारलं.

"नको. मी जातो."

वाट पहिल्यांदाच इतकी सोपी वाटली, आणि तेच सहन होईना. एकेक वळण बोटावर फिरत होतं. दुसऱ्या वळणापाशी उतारावर गवत होतं, पिवळी बारीक फुलं होती. रस्त्यावर मुठीएवढा दगडसुद्धा नव्हता.

गाडीचा आवाज ऐकून अक्का दारात आली होती. बूट घातलेलेच.

"उघडला का रे बाळ? उघडला ना? थांब, थांब." ती आत गेली आणि एक मोठी कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत लोकरीच्या टोप्या होत्या. निळ्या, करड्या, एक तर अर्धी हिरवी अर्धी तपकिरी, लोकर संपल्यासारखी. "त्या माणसांसाठी विणल्या. कितीजण आहेत ते तू काही सांगितलं नाहीस, म्हणून अंदाजाने केल्या. जाता जाता देऊ. असतील ना अजून तिथे?"

पैलवानाने टोपी काढली. मान खाली घालून, तिच्या बुटांकडे बघत, त्याने सगळं सांगितलं. नळी, हात, वळण, दरड, पडसं. काही वगळलं नाही. शिवणवालीचं बोलणं बंद झालं, हेही सांगितलं.

 अक्काने टोप्यांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मग इतके दिवस मी हात कुणासाठी जोडत होते रे?" तिने विचारलं. रागाने नाही; खरोखर कळेना म्हणून विचारावं तसं.

त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

ती गाडीत बसली. दुसऱ्या वळणापाशी म्हणाली, "थांबव." उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, उताराकडे बघितलं, फुलांकडे बघितलं. "इथे?"

"हो."

"चल," ती म्हणाली आणि परत बसली.

खालचा पूल आला. मग ती म्हणाली, "तिला काय सांगितलंस?"

"पडसं."

"आणि तिने ऐकलं?"

"नाही. तिला वाटलं तू रागावलीस. तुझा आवाज चिरकतो असं ती म्हणाली होती, म्हणून."

"चिरकतोच की," अक्का म्हणाली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढे ती रडली की नाही, ते त्याला दिसलं नाही. बघायची छातीही झाली नाही.

बेकरीच्या वरच्या खोलीत मशीनवर झाकण घातलेलं होतं. शिवणवालीचे डोळे उघडे होते, पण ते कुठे लागले आहेत हे कळत नव्हतं. अक्का पलंगाशी बसली, तिचा हात हातात घेतला. "मी आले," म्हणाली. "रागावले नव्हते. तू म्हणालीस ते खरंच होतं." मग तिने दाराकडे बघितलं. "बाळ, बाहेर काय उभा आहेस? आत ये. हिलाही सांग."

पैलवान आत आला. जेव्हा ह्या बाईला चार वाक्यांत मोकळं करता आलं असतं तेव्हा तो गप्प राहिला होता; आता ती ऐकते की नाही हेही समजत नव्हतं, आणि त्याला सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगावं लागलं. "ती यायला बसली होती. बूट घालून बसली होती. मीच आणलं नाही." शिवणवालीचा चेहरा हलला नाही. माफी मागितली, आणि माफ करणारं कुणी समोर असूनही नसल्यासारखं होतं. त्याहून मोठी शिक्षा त्याला आजवर कुणी केली नव्हती.

तो जिन्यावर येऊन बसला. थोड्या वेळाने आतून अक्काचा आवाज आला. चिरकत होता. तिने आपली वरची ओळ म्हटली आणि थांबली. शिवणवालीची ओळ जेवढी लांब, तेवढी थांबली. मग आपली पुढची म्हटली, आणि पुन्हा थांबली. असं सबंध गाणं तिने अर्ध्या जागा रिकाम्या ठेवून गायलं. खाली बेकरीत कुणीतरी बोलत होतं ते गप्प झालं. पैलवानाला कानाने कमी ऐकू यायचं, पण त्या रिकाम्या जागा त्याला सगळ्या ऐकू आल्या.

अक्का नंतर सांगायची की शिवणवालीची बोटं चादरीवर हलत होती, सुईखालून कापड पुढे सरकवावं तशी. बेकरीवालीलाही तसं वाटलं. पैलवानाने ते पाहिलं नाही, आणि आपल्याला ते दिसायला हवं होतं असं म्हणायचा हक्क आपला नाही, हे त्याला माहीत होतं.

अक्का तिथेच राहिली, शेवटपर्यंत. शिवणवालीला पोचवून आल्यावर तिने टोप्यांची पिशवी भावाच्या हातात ठेवली.

"ह्या मी उसवणार नाही. रस्त्याच्या माणसांच्या आहेत, त्यांना दे. आणि कुणी पाठवल्या, का पाठवल्या, विचारलं तर नीट सांग."

मोठ्या रस्त्यावर पाणी जायच्या मोरीचं काम चाललं होतं. पैलवान पिशवी घेऊन तिथे गेला. फावड्यावर रेलून मुकादमबाई त्याचं सगळं ऐकून घेत होती, आणि हळूहळू बाकीचेही जमले.

"म्हणजे दरड आलीच नव्हती?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि बाईंनी टोप्या विणल्या, आमच्यासाठी देवाला हात जोडले?"

"हो."

"मग जोडले ते आम्हालाच लागले की," मुकादमबाई म्हणाली. "ह्या वर्षी एकालाही इजा नाही." तिने अर्धी हिरवी अर्धी तपकिरी टोपी उचलून डोक्यावर घातली. "पण काका, एक सांगा. बहिणीला नुसतं म्हणाला असतात, हात दुखतात, तर काय झालं असतं?"

बाकीच्यांनीही एकेक टोपी घेतली. पैलवान रिकामी पिशवी घडी करत राहिला, घडी झाली तरी करतच राहिला.

आजही तो अक्काला खाली आणतो. चहाला कुणी आलं तर बाही वर जात नाही. अक्का बेकरीच्या वर जाऊन त्याच खिडकीशी बसते आणि आपल्या ओळी गाते, जागा सोडत सोडत. तो जिन्यावर बसतो.

माझं मागणं एवढंच. तुम्ही कधी देवासमोर बसाल, आणि आपलं सगळं मागून झालं असेल, तेव्हा एक ओळ त्या शिवणवालीसाठी ठेवा. ती खिडकीशी पडून राहिली, मैत्रीण रागावली असं समजून, आणि मैत्रीण धारेवर बूट घालून बसली होती. तिला कुणीतरी सांगत राहायला हवं की मैत्रीण रागावली नव्हती.